मी स्टेजवर का हसले

सोमवार, १२ जानेवारी २०२६

हसू आलं म्हणून हसले. दुसरं काय सांगू? शिंक आली की माणूस अर्ज करून शिंकतो का?

काल नेत्रा आली, हातात तुझी चिठ्ठी. एवढीशी. "आईला विचार, ती का हसली." बस. अक्षर तरी नीट काढायचंस, प्रणय मेल्या. चौथीपर्यंत मीच गिरवून घेतलंय तुझ्याकडून, स्वतः सातवी पास असून. मी नेत्राला बोलले, तोंडी सांगते, जा सांग त्याला. तर ती बोलते, "नको आई, लिहून द्या. तुम्ही तोंडी सांगितलं की मला हसू येतं आणि मग तो माझ्यावर पण चिडतो." पोरगी हुशार हाय. तुझ्यात काय बघितलं तिने देव जाणे.

मंग बसले लिहायला. तू माझा नंबर ब्लॉक केलायस ना? आता कागद ब्लॉक करून दाखव.

तुझी बाजू सगळ्या रायगड जिल्ह्याने मोबाइलवर पाहिली, म्हणून मी माझी सांगते. २७ डिसेंबर, नागावचा किनारा, वर्ष संपतंय म्हणून कार्यक्रम. बनाना बोटीवरनं ओलेचिंब उतरलेले मुंबईकर स्टेजपुढं. तुमच्या बँडचं नाव 'उघाडी'. खाडीच्या बांधाला भरतीचं पाणी आत घ्यायला जे दार असतं ना, आपल्या मिठागराचं, त्याचं नाव पोरांनी घेतलं म्हणून मला केवढं कौतुक. आन् माझ्या मागची बाई नवऱ्याला विचारते, "उघडी कोण आहे?" नवरा मान वर करून शोधतोय.

तू ते गाणं म्हटलंस, 'हात नाही सुटला'. मी आन् तुझा बापूस, आमच्यावर केलेलं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तू मला हाताला धरून वर ओढलंस आन् माईकवर बोललास, "ही माझी आई. माझे बाबा गेले, त्याच्या चार दिवस आधी त्यांनी हे गाणं हॉस्पिटलात ऐकलं. मी तेव्हा शिलाँगला स्पर्धेत होतो, मला वेळेत पोचता आलं नाही. पण माझं गाणं पोचलं. आई, सांग सगळ्यांना, बाबा काय बोलले."

आन् माईक माझ्या तोंडाला लावलास.

आन् मी हसले. गालातल्या गालात न्हाय, चांगली खो खो. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हजारभर माणूस गप, मागं लाटा, आन् मधे मी. कोणीतरी शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी पेणपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात मी हसतेय.

कारण पाहिजे? ऐक. तू गाताना डोळे मिटून तोंड वाकडं करतोस. लहानपणी जंताचं औषध पिताना करायचास, तेच तोंड. चमचा दाखवला की वांग्याच्या वाफ्यात पळायचास. स्टेजवर मला तो वांग्यातला प्रणय दिसला. एवढंच.

नेत्रा सांगत होती, तू ९ एप्रिलला अलिबागला नोंदणी करून लग्न करणार. हळद न्हाय, मांडव न्हाय, धवले न्हाय, आन् आई खरं कारण सांगत न्हाय तोवर आई पण न्हाय. वा रे महाराज! तीस वर्षं मी धवले गाऊन लोकांची लग्नं लावते. भटजीच्या आधी मला सांगावा येतो. किती घरांत नवऱ्याची आयस बाजूला बसते आन् मी विधवा बाई मधोमध, धवलारीण म्हणून मान घेऊन. आन् माझ्या पोराचं लग्न लागताना मी घरात डाळ निवडत बसू?

कारण दिलं. आता साडी कुठली नेसू ते कळव.

सगुणा काळूराम.

(नाव घेतलं बघ. तो होता तवा कधी घेतलं न्हाय, उखाण्यात पण चुकवायची. आता घेते. काय करणार तो?)


रविवार, २५ जानेवारी

जंताचं कारण चाललं न्हाय म्हणे. नेत्राने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला, तुझ्यासारखी मान वाकडी करून. "मी तिला ओळखतो. हे ते नाही."

बरं. मंग दुसरं घे. गाणं खोटं हाय म्हणून हसले.

तू काय लिहिलंस?
"आलं उधाण, फुटला बांध,
तरी हात नाही सुटला."

सुटला होता. तू तितंच होतास, नऊ वर्षांचा, बांधावर उभा, हातात उलटी झालेली छत्री. उधाणाची भरती, बांधाला खांड गेलेली, खाडी मिठागरात घुसत होती. मी आन् तुझा बापूस मातीच्या गोणी टाकत होतो, आन् पाय निसटू नये म्हणून एकमेकांचा हात धरला होता. तेवढं तुझं बरोबर. पण तेवढ्यात उघाडीचं दार सुटलं आन् निघालं वाहत. सागवानी दार, नवंकोरं. त्याने एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. आन् माझा हात सोडला.

मी कंबरेपर्यंत चिखलात. त्याने दार धरलं, ओढत आणलं, दोरीने बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, तंबाखू मळली, आन् मंग माझ्याकडं येऊन बोलतो काय, "तू अजून हितंच?"

अकरा दिवस मी त्याच्याशी बोलले न्हाय. हे तुला गाण्यात का न्हाय आठवलं? निरोप्या तर तूच होतास. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, आमटीत मीठ कमी हाय." बसलेलो तीन हातांवर. मिठागरवाल्याच्या घरात मीठ कमी! मी मुद्दाम कमी घालत होते. बाराव्या दिवशी तो चिखलाचे पाय घेऊन चुलीपर्यंत आला आन् मी विसरून ओरडले, "पाय धुवा की आधी!" झालं, संपलं भांडण. तू रडायला लागलास, तुझी नोकरी गेली म्हणून.

त्याच दिवशी मी त्याला विचारलं, दार जास्त का बायको जास्त? तर बोलतो, "तू उभी राहशील ते मला ठाऊक होतं. दार थोडंच उभं राहतंय."

आता सांग, तुझ्या सगळ्या गाण्यात एवढं मोठं वाक्य हाय का?

चाल मात्र भारी हाय, खोटं का बोलू. पहिली एकटी गिटार, ओहोटीला खाडीचा चिखल उन्हात चकाकतो तशी. मंग तुझा आवाज, दबकत. आन् मंग तो ड्रमवाला पोरगा मागनं असा शिरतो की भरतीच आली. सभ्य माणसं पण हात वर करून डोलायला लागतात. नेत्रा बोलली, असल्या गाण्याला रॉकमधे वेगळं नाव हाय. असेल. हळू सुरू व्हायचं, दुसऱ्याच्या अंगावर चढत जायचं आन् शेवटाला एकदम खाली आणून सोडायचं, हे धवल्यात आधीपासनं हाय. तू पाळण्यात असताना माझ्याकडून चोरलंस आन् लोकांना सांगतोस गोऱ्यांकडून शिकलास.

दुसरी बातमी. आपल्या भिकूने माझं हसू डीजेवर चढवलंय. परवा नीराबाईच्या नातीच्या, ऋतिकाच्या हळदीला वाजवलं. तुझी एक ओळ, मंग माझं खो खो, मंग बेंजो, परत खो खो. पोरं अंगणातली माती उडेस्तोवर नाचली. मी धवले गायला गेले तर चार जण पाया पडले, सेल्फी काढले. नीराबाई बोलली, "सगुणे, तुझ्या पोराला पाच वर्षांत जमलं न्हाय ते तू पाच सेकंदांत केलंस."

तू आता दात खातोयस, दिसतंय मला. खा. पण तारीख जवळ येतेय. मोरपंखी नेसू का अंजिरी?


गुरुवार, १२ फेब्रुवारी

गाणं बंद केलंस?

नेत्रा आली तवा आधी चहा घेतला, मंग पापड वाळत घालायला मदत केली, मंग बोलली. म्हंजे मला कळलंच, काहीतरी जड हाय. पुण्याला लोक ओरडून मागत होते तरी तू ते गायलास न्हाय. रेकॉर्डिंगची तारीख ठरली होती, तिकडं पण सांगितलंस, दुसरं घ्या. तुझी वही तिच्याकडं देऊन टाकलीस. तू तिला बोललास, "ड्रम थांबतात ना मधेच, तिथं आता मला आईचं हसू ऐकू येतं."

हे मला न्हाय आवडलं. माझ्यावर चिड, ब्लॉक कर, लग्नाला नको बोलवू. पण गाणं कशाला टाकतोस?

तुला शहापूरचं ते लग्न आठवतंय का? न्हाय, तू लहान. दोन्हीकडचे काके मानापानावरनं भांडले, कोणाचा तरी धक्का लागला आन् मांडवाचं कापड खाली आलं, बांबूसकट. मी खाली. माझ्या डोक्यावर ते भगवं कापड, आत उकडतंय, काय दिसत न्हाय. मी गात होते. पहिला धवला उचलला की नवरा-नवरी मांडवाबाहेर पडेस्तोवर धवलारीण थांबत न्हाय, माझ्या आजेसासूने मला असंच शिकवलं. बाहेर मारामारी, आत मी. शेवटी कापडाखालनं आवाज येतोय बघून भांडणारे हसायला लागले, आन् लग्न लागलं. माझ्या पाठीला आठ दिवस शेक द्यायला लागला, पण गाणं अर्धं टाकलं न्हाय. आन् तू कोणाच्या तरी हसण्याला भिऊन टाकतोस? रॉकस्टार म्हणे.

आन् गाणं खोटं बोलले ते मागे घेते. अर्धं. खांड, उधाण, हातात हात, हे सगळं गाणेवाल्यांचं. ते असू दे. पण तू एक न्हाय लिहिलंस, कारण ते तुला कोणी सांगितलंच न्हाय.

तू पोटात होतास, सातवा महिना. मला वाकता येईना. मिठागरात चालून चालून पायाची नखं जाड झालेली, भेगा पडलेल्या. एक दिवस त्याने विळी बाजूला सारली, माझा पाय मांडीवर घेतला आन् नखं कापून दिली. तोंडाने बडबड चालू. "बाईची नखं का बैलाचे खूर?" तू झालास. मला वाकता यायला लागलं. पुढच्या रविवारी मी आपली बसले कापायला तर हा आला, माझ्या हातातनं नेलकटर घेतला. पाय ओढून मांडीवर घेतला. मंग दर पंधरा दिवसांनी. आमचं भांडण असलं तरी. त्या अकरा दिवसांत सुद्धा, बरं का! तोंड तिकडं, पाय त्याच्या मांडीवर. अठ्ठावीस वर्षं.

ह्यावर कर की गाणं. तो ड्रमवाला कुठं शिरेल ते मी सांगते.

आता मीच कापते. वेडीवाकडी. मागच्या आठवड्यात रक्त काढलं.

गाणं बंद करायचं न्हाय. हे मी आई म्हणून न्हाय सांगत. थोरली गाणारी म्हणून सांगतेय.


शुक्रवार, ६ मार्च

पोलीस हायस का तू? आधी "का हसली", आता हे नवीन. "बाबा 'बरं' म्हणाले की 'चांगलं'? आईला नक्की आठवतंय का?"

तेव्हा दारातच सांगितलं ना तुला. मंग फोनवर परत सांगितलं. ऐकलं, डोळे पुसले, बोलले पोरगं बरं गातंय. बरं का चांगलं, काय फरक पडतो? सोनाराकडं तोलायचंय का?

ह्यावर आणखी विचारू नको.

होळी झाली. नेत्रा आली होती, तुझ्याशिवाय. नारळ तिच्या हाताने टाकला होळीत. लोकांनी विचारलं ही कोण, मी बोलले माझी सून, अजून कागद व्हायचेत. तिने पोळ्या लाटल्या. पहिल्या दोन रत्नागिरीच्या नकाशासारख्या झाल्या, त्या तुला पाठवल्यात, खा गपचूप.

तिचं एक सांगते, म्हंजे तुला कळेल कसल्या पोरीशी लग्न करतोयस. होळीची लाकडं ओढताना खालनं धामण निघाली, चांगली हातभर रुंद वाटली मला. माझ्या पायावरनं गेली. सगळे किंचाळले, मी हसत सुटले. थांबेचना. धामण पार कुंपणाच्या पलीकडं गेली तरी मी हसतेय. सगळे बोलले, काय धीराची बाई! नेत्रा भांडी गोळा करायला लागली. भांडी घासताना हळूच बोलते, "आई, तुम्ही घाबरलात की हसता."

मी बोलले, मी कोणाच्या बापाला भीत न्हाय.

ती बोलली, "हो. पण हसता."

मंग मला नको ते आठवलं. तुझ्या बापसाच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "किडन्या गेल्या आहेत, आता दिवस मोजायचे." तवा पण मी हसले होते. डॉक्टर बिचारा दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं बाई फिरली.

पण हे तुझं उत्तर न्हाय. नागावच्या स्टेजवर कुठला साप होता? हजारभर माणसांना मी भिते का? तीन-तीन हजारांच्या मांडवात गाते मी.

नेत्रा बघत बसली माझ्याकडं. वकील व्हायला पाहिजे होती. बँकेत फुकट चाललीय.

संपवते. पापडाचं पीठ सुकतंय.


शुक्रवार, २० मार्च

मिळाली. पत्रिका मिळाली, हळदीकुंकू लावलेली, वर तुझ्या अक्षरात "सौ." खोडून "श्रीमती" केलेलं. काल पाडव्याला पुऱ्या तळून बसले होते, नेत्रा आत आली ती नाचतच. बोलली, "आई, सुटलात!"

तुझी चिठ्ठी मी चार वेळा वाचली. "आई, कारण राहू दे. नऊ तारखेला ये. धवले तूच गायचे, ऑफिसच्या बाहेर रस्त्यावर गा पाहिजे तर, मी ड्रमवाल्याला बसवतो. तू म्हणालीस तसं गाणं टाकलं नाही. रेकॉर्ड केलं. सुरुवातीला चार शब्द बोललोय. ऐक आणि सांग."

म्हंजे मी जिंकले. काय न सांगता जिंकले. रात्रभर उशीखाली ठेवली पत्रिका, म्हातारी असून. मोरपंखी साडी पेटीतनं काढून वाऱ्यावर टाकली. भिकूला सांगून पण आले, डीजे न्हाय लावायचा, पण दाराशी ये.

आज सकाळी नेत्राने मोबाइलचं एक बोंडूक माझ्या कानात घातलं, एक स्वतःच्या. आधी समुद्राचा आवाज. मंग तू. अगदी जवळ, जसा मांडीवर डोकं ठेवून बोलतोयस. "हे गाणं माझ्या बाबांनी शेवटचं ऐकलं. हे त्यांचं." आन् मंग गिटार.

नेत्रा माझ्या तोंडाकडं बघत होती, मी हसते का म्हणून. हसू आलं न्हाय.

पुढच्या महिन्यात हे लोकांकडं जाणार, ती बोलली. मंग बदलता येत न्हाय. मी बोलले, थांब, मला एक पत्र लिहायचंय, घेऊनच जा. ती आता ओट्यावर ताडगोळे सोलतेय. तिला सांगितलं न्हाय. आधी तू वाच.

तू खरं कारण मागितलंस आन् मी दोन खोटी दिली. ती पण खरीच होती, पण ती न्हाय.

तुझा बापूस आठ दिवस होता त्या खाटेवर. खिडकीबाहेर भिंत. खाडी न्हाय, बांध न्हाय, भरती न्हाय. आमच्या संसारात मी काय बोलायला लागले की तो आभाळाकडं बघायचा आन् उठायचा, "पाणी आलं असेल," म्हणून. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आन् मधे जे उरेल ते गावाचं, पंचायतीचं, मंग तुझं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठं जायचं नव्हतं. आन् तो बोलत होता रे. माझ्याशी. मला बघायला यायच्या आधी रेवदंड्याची एक पोरगी बघितली होती म्हणे, दात पुढं पण आवाज गोड. एकतीस वर्षांनी सांगतो! मी एक दुपार त्याला चहा पाजला न्हाय. तो हसला, कळ आली तरी हसला. बोलला, "बरं झालं नाही केली. ती रुसली असती तर मला कळलंच नसतं."

चौथ्या दिवशी दुपारी तुझं गाणं आलं. खाली लिहिलं होतंस, "बाबांना ऐकव." मी वऱ्हांड्यात गेले, कानाला लावून पुरं ऐकलं. भिंतीला टेकून ऐकलं. एवढं चांगलं होतं की मला राग आला. मला कळलं, हे लावलं की हा माणूस परत गेला. उरलेले दिवस पोरगं असं आन् पोरगं तसं, परत लाव, शिलाँगला फोन लाव, नर्सला ऐकव. मी मागं स्टुलावर.

उद्या लावू, मी बोलले मनात. दुसऱ्या दिवशी परत, उद्या लावू. आठव्या दिवशी सकाळी तो गेला.

तू बॅग खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलास. बापसाकडं बघायच्या आधी मला विचारलंस, "ऐकलं ना त्यांनी?" तुझं ते तोंड बघून कोण न्हाय बोललं असतं? मी व्हय बोलले. डोळे पुसले ते मी जोडलं. बरं गातंय ते पण मीच जोडलं. शब्द जोडून गायचा धंदाच हाय माझा.

मंग नागावला तू माईक लावलास आन् बोललास, सांग बाबा काय बोलले. साप तो होता.

त्याने तुझं गाणं ऐकलेलं न्हाय, प्रणय. कधीच न्हाय. मी लावलंच न्हाय. ते चार शब्द काढायचे का ठेवायचे, तू ठरव. नऊ तारखेचं पण तू ठरव. मी रडून विनवणी करणार न्हाय, आन् चूक केली असं पण साफ सांगता येत न्हाय मला, कारण ते चार दिवस मला परत दिले तर मी परत तेच करीन.

आन् आणखी एक. मी विसरले, राहून गेलं, असं मनात धरू नको. तुझं गाणं आलं तवा फोन वाजला होता. त्याने उशीवरनं मान वळवली आन् विचारलं, "पोराचं काय आलं का गं?"

मी बोलले, "न्हाय. गॅसवाल्याचा मेसेज हाय."